खवट खाद्य आणि तळ्यातले मासे

दिवाळी होऊन महिना झाला. डब्याच्या तळाशी एक करंजी राहिली होती. तुम्ही ती तोंडात टाकली आणि लगेच थुंकलात. "खवट झाली की!" असे म्हणालात. करंजी वाया गेली, पण तुमचे काही बिघडले नाही.

आता शेततळ्यातल्या माशाचा विचार करा. नदीतला मासा फिरून पोट भरतो. तळ्यातला मासा कुठे जाईल? मासे दाटीने सोडले म्हणजे पाण्यातले खाद्य पुरत नाही. मग मालक टाकील तेच खायचे. ते खवट असले तरी रोज खायचे. त्याला दुसरे ताट कोण वाढणार?

खवट होणे म्हणजे काय? हवेत प्राणवायू असतो. तो खाद्यातल्या तेलाला लागतो आणि तेल बिघडते. ऊन आणि उष्णता यांनी ते लवकर बिघडते. लोखंडाला गंज चढतो ना, तसाच हा तेलाचा गंज समजा. त्यातून अपायकारक द्रव्ये तयार होतात. शिवाय खाद्यातले 'ई' जीवनसत्त्व नाहीसे होते. हे जीवनसत्त्व म्हणजे शरीराचा राखणदार. अंगातल्या चरबीला ते असा गंज चढू देत नाही. राखणदारच गेला, तर घर कोण सांभाळणार?

जपानात घडलेली गोष्ट सांगतो. तिथे रेशमाचा धंदा मोठा होता. कोष उकळून रेशीम काढले की आतला किडा उरतो. तो वाळवून तळ्यातल्या माशांना घालीत. मासा कोणता? आपल्याकडे ज्याला सायप्रिनस म्हणतात, तोच. खाद्य स्वस्त आणि पौष्टिक. पण या किड्यांत तेल पुष्कळ. साठवणीत ते खवट होई. मग माशांच्या पाठीवरचे मांस झडू लागे. पाठ सुरीच्या धारेसारखी बारीक होई. जपानी लोक या रोगाला 'सेकोके' म्हणत. म्हणजे पाठ खंगणे.

शास्त्रज्ञ हाशिमोतो आणि त्यांचे सहकारी यांनी याचा छडा लावला. 1966 साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. बिघडलेले तेल खाऊ घातले, की सायप्रिनसचे मांस झडते. त्याच खाद्यात 'ई' जीवनसत्त्व पुरेसे मिसळले, की रोग टळतो. म्हणजे दोष तळ्याचा नव्हता, नशिबाचाही नव्हता. दोष पोत्यात होता.

आपल्याकडे कटला, रोहू, मृगळ यांना भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालतात. कोंडा म्हणजे तूस नव्हे. तांदूळ सडताना निघते ती बारीक पूड. तिच्यात तेल असते आणि गिरणीतून निघाल्यापासूनच ते बिघडू लागते. थोड्या दिवसांत कोंडा खवट होतो. तेल काढून घेतलेला कोंडा त्यापेक्षा जास्त टिकतो.

खवट खाद्याने काय होते? मासे नीट खात नाहीत. वाढ खुंटते. कल्ले फिके पडतात. काळीज बिघडते. काही मासे मरतात. पण बरे का, ही लक्षणे दुसऱ्या रोगांतही दिसतात. म्हणून मत्स्य खात्याच्या माणसाला मासाही दाखवा आणि खाद्यही दाखवा.

आपली एक सवय आहे. धान्याला वास आला, की ऊन दाखवायचे. उन्हाने ओल जाते, हे खरे. पण खवटपणा जात नाही, उलट वाढतो. ताज्या खाद्यात मिसळले, तरी तो जात नाही. आणि वास येण्याआधीच बिघाड सुरू झालेला असतो. म्हणून आधीपासून जपावे.

ध्यानात ठेवा

1. खाद्य लागेल तेवढेच आणा. वर्षाचे भरून ठेवू नका.
2. पोते फळीवर ठेवा. जागा थंड, कोरडी, सावलीची असावी.
3. पोत्याचे तोंड घट्ट बांधा.
4. आधी आणलेले आधी वापरा.
5. रोज मूठभर खाद्य हुंगून बघा.

स्वस्तात मिळाले म्हणून जुने पोते घरी आणू नका. चार पैसे तिथे वाचतात, पण हंगाम बुडतो. जी करंजी आपण थुंकली, ती मुक्या जिवाला घालू नये. त्यात त्याचेही हित आहे आणि आपलेही.

प्रश्न

1. तेल खवट कशामुळे होते?
2. जपानातल्या माशांची पाठ का खंगली?
3. तुमच्या घरचे खाद्याचे पोते कुठे ठेवलेले आहे? आज जाऊन बघा.