विश्लेषण : दवण्याच्या भाऊबंदात हिवतापाचे औषध कसे तयार होते? संगणक त्यात काय शोधतो?

चैत्रात ज्योतिबाला वाहिला जाणारा दवणा आणि हिवतापावरील ‘आर्टेमिसिनिन’ ज्या वनस्पतीतून मिळते ती ‘आर्टेमिसिया अॅनुआ’, या दोन्ही एकाच प्रजातीतील. तरी दवण्यातून सुगंधी तेल मिळते आणि दुसरीतून जीव वाचवणारे औषध. हा फरक वनस्पतीतील विकरांमुळे, म्हणजेच एन्झाइममुळे पडतो. अशा विकरांचा अभ्यास आता आधी संगणकावर केला जातो.

आर्टेमिसिनिन इतके महत्त्वाचे का?

चीनमधील शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या चमूने जुन्या वैद्यकग्रंथातील नोंदीचा माग काढत १९७२ मध्ये हे द्रव्य वेगळे केले. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापावर आज आर्टेमिसिनिनपासून केलेले औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिले जाते. अडचण अशी, की वाळलेल्या पानांत हे द्रव्य साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे पीक कमीजास्त झाले की औषधाची किंमतही हलते.

विकर नेमके काय करते?

वनस्पतीच्या पेशीत १५ कार्बन अणूंची एक लवचिक साखळी असते. दवण्यातही ती असते आणि आर्टेमिसियातही. विकराच्या आत एक खोबण असते. तिथे मॅग्नेशियमच्या साह्याने साखळी अडकते, दुमडते आणि तिची कडी जुळते. खोबणीचा आकार बदलला की दुमडण्याची पद्धत बदलते आणि पदार्थही वेगळा तयार होतो. आर्टेमिसियातील ‘अमॉर्फाडाईन सिंथेस’ हे विकर या साखळीपासून औषधाचा पहिला सांगाडा बनवते. पुढे इतर विकरे त्याला ऑक्सिजन जोडतात आणि शेवटचा टप्पा सूर्यप्रकाशाच्या मदतीने पार पडतो. पण हे पहिले विकर संथ आहे. शिवाय तीच साखळी पेशीला इतर कामांसाठीही लागते.

संगणकावर काय तपासतात?

विकर हे अमिनो आम्लांची माळ असते. ही माळ कशी वळते, याचा अंदाज आधी माहीत असलेल्या सारख्या विकरांवरून बांधतात. अलीकडे ‘अल्फाफोल्ड’सारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीही हे काम करतात. या कामासाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. मग साखळी खोबणीत कशी बसते आणि विकर क्षणोक्षणी कसे हलते, हे पडद्यावर पाहतात. कोणते अमिनो आम्ल बदलल्यास विकराचा वेग वाढेल, याची यादी त्यातून तयार होते. हजारो शक्यतांपैकी मोजक्याच प्रयोगशाळेत जातात. त्यामुळे वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

मग प्रयोगशाळेची गरज उरत नाही का?

उरते. संगणक फक्त अंदाज देतो. तो खरा की खोटा, हे परीक्षानळीच सांगते. अमेरिकेतील जे कीसलिंग यांच्या चमूने ही विकरे यीस्टमध्ये घालून २००६ मध्ये आर्टेमिसिनिक आम्ल मिळवले. २०१३ पर्यंत दर लिटरमागे २५ ग्रॅमची मजल गाठली गेली. या आम्लापासून रासायनिक प्रक्रियेने औषध बनवता येते.

महाराष्ट्रात असे काम होते का?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चंदनाच्या तेलातील घटक आणि कडुनिंबातील कडू द्रव्ये तयार करणाऱ्या याच स्वरूपाच्या विकरांवर संशोधन झाले आहे. कडुनिंबातील ‘गेडुनिन’ने प्रयोगशाळेत हिवतापाच्या परजीवीला रोखल्याचे दिसले आहे, पण ते औषध म्हणून वापरात नाही.

सामान्यांनी यातून काय घ्यावे?

नात्याने जवळची वनस्पती म्हणजे तेच औषध नव्हे. दवण्याचा काढा हिवताप बरा करत नाही. आर्टेमिसियाचा चहा किंवा पाने यांनाही जागतिक आरोग्य संघटनेने उपचार म्हणून मान्यता दिलेली नाही. त्यात औषधाचे प्रमाण अनिश्चित असते. अपुऱ्या मात्रेमुळे आजार उलटतो आणि परजीवी औषधाला सरावण्याचा धोका वाढतो. आग्नेय आशिया आणि आफ्रिकेच्या काही भागांत ही प्रतिकारशक्ती आधीच दिसली आहे. विकराचा वेग वाढवून औषध स्वस्त करता येईल, पण ही समस्या त्याने सुटणार नाही.

म्हणून भोर तालुक्यातील हिर्डोशीसारख्या डोंगराळ भागातील गाव असो वा पुणे शहर, पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला तर काढ्यावर दिवस न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात रक्ततपासणी करावी. हिवताप कोणत्या प्रकारचा, हे तपासणीतूनच कळते आणि औषधही त्यावरच ठरते. दोन दिवसांत ताप उतरला, तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा.