नाणेघाटातील पावले

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक या आल्प्सच्या कुशीतील नगरात एक रिकामी समाधी आहे. सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनचा देह विसावला आहे व्हीनर नॉयश्टाट येथे. इन्सब्रुकच्या चर्चमध्ये मात्र त्याच्या समाधीभोवती २८ भव्य ब्राँझ पुतळे पहारा देत उभे आहेत. शेजारच्याच मठात १९२९ साली लोककलेचे संग्रहालय उघडले. तेथे टिरोलच्या शेतकऱ्यांच्या घरांतील लाकडी बैठकीच्या खोल्या जशाच्या तशा मांडल्या आहेत. सम्राट आणि शेतकरी एकाच आवारात!

मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेले की माथ्यावरच्या लेण्यातही असाच राजकुलाचा मेळावा होता. सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार. मूर्ती केव्हाच नष्ट झाल्या. उरली ती नावे आणि पावलांचे अवशेष. लगतच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. भारतीय अंकलेखनाचा हा एक फार जुना पुरावा. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जाई. घाटाच्या पायथ्याशी गणित शिकणाऱ्या मुलाने हे अंक एकदा तरी डोळ्यांनी पाहावेत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?

शहापूरच्या माहुलीवर १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा लढा दिला. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. त्यांचे स्मारक आहे, तेथे अभिवादनही होते. परंतु स्मारक स्मरण देते, माहिती देत नाही. आझाद दस्त्याने विजेचे मनोरे का पाडले, त्या जंगलात त्यांना भाकरी कोणी पोचवली, हे सांगण्यास निराळी जागा लागते.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात संग्रहालयाची चैन कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले, पुढे भातसाचे पाणीही मुंबईस गेले. हा पाण्याचा इतिहास, बुडालेल्या जमिनींसह, कोणत्या दालनात मांडला जाणार? मुंबईच्या संग्रहालयाने तो मांडावा अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होईल.

यासाठी राजवाडा नको. तालुक्याच्या गावी एक कोरडी, कुलूप लागणारी खोली पुरे. कोकणचा पावसाळा कागद आणि लाकूड दोन्ही खातो, म्हणून कोरडी. तीत नाणेघाटच्या लेखाचा ठसा असावा, इरले, कणगी, जाते असावे, वारली लग्नातील चौकाचे चित्र असावे. आणि एक जाड नोंदवही: वस्तू कोणत्या पाड्यावरची, कोणी दिली, कशासाठी वापरीत. नोंदीविना ठेवलेले जाते काही वर्षांत नुसता दगड होते. हे काम शाळेतील मुले व एखादा हौशी शिक्षक दिवाळीच्या सुट्टीतही आरंभू शकतील. इरले विणणारी म्हातारी माणसे अद्याप सांगायला आहेत तोवर.