मूत्रपिंडांची उशिराची वार्ता

घरातील कोणी इस्पितळात असला म्हणजे रक्ततपासणीच्या कागदावर ‘क्रिएटिनीन’ हा शब्द आपणांपैकी पुष्कळांच्या दृष्टीस पडला असेल. आकडा एकच्या आसपास आहे असे डॉक्टरांनी सांगितले की नातलगांच्या जिवात जीव येतो. परंतु वाचकहो, हा आकडा मंदगती आहे. मूत्रपिंडांस आज एकाएकी इजा झाली, तर तिची वार्ता तो बहुधा उद्या किंवा परवा देतो.

असे का व्हावे? क्रिएटिनीन हा आपल्या स्नायूंत नित्य निर्माण होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढे बाहेर सोडतात. हे गाळणे मंदावले की क्रिएटिनीन रक्तात साठू लागते. पण साठण्यास वेळ लागतो, आणि गाळण्याची शक्ती जवळजवळ निम्मी ओसरेपर्यंत आकडा निर्धास्त दिसू शकतो. मोरी तुंबल्याचे घरात पाणी साचल्यावरच कळावे, तसा हा प्रकार. कृश व वृद्ध माणसांत स्नायूच थोडे. तेथे तो अधिकच फसवा.

म्हणून संशोधकांनी इजा होताक्षणी मूत्रपिंड स्वतः काय बाहेर टाकते, इकडे लक्ष वळविले. २००५ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांची लघवी वारंवार तपासण्यात आली. त्यांपैकी २० मुलांच्या मूत्रपिंडांस इजा झाली होती. क्रिएटिनीनने ते कळण्यास एक ते तीन दिवस लागले. पण ‘एनगॅल’ नावाचे एक प्रथिन अवघ्या दोन तासांत लघवीत अनेक पटींनी वाढलेले आढळले. मूत्रपिंडातील बारीक नलिका दुखावल्या की त्यांच्या पेशी हे प्रथिन झपाट्याने तयार करतात. मुलांसाठी या तपासणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ च्या अखेरीस मान्यता दिली. दोन अन्य प्रथिने एकत्र मोजणाऱ्या दुसऱ्या एका तपासणीस त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, ती मिळाली होती.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. अनेक व्याधींनी ग्रासलेल्या प्रौढांत एनगॅलचे यश इतके निर्भेळ ठरले नाही. जंतुसंसर्ग झाला तरीही ते वाढते, कारण रक्तातील पांढऱ्या पेशीही ते निर्माण करतात. आणि वार्ता लवकर मिळाली तरी दुखावलेले मूत्रपिंड तत्काळ बरे करील असे औषध अद्याप कोणापाशी नाही.

मग लवकर कळून लाभ काय? याचे उत्तर जर्मनीतील म्युन्स्टर येथे मिळाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या लघवीत धोक्याची सूचना दिसली अशा २७६ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाचा रक्तदाब व शरीरातील पाण्याचा तोल काटेकोर सांभाळला, मूत्रपिंडांस अपायकारक औषधे टाळली, रक्तातील साखर आवरली. नेहमीच्या शुश्रूषेत शंभरांपैकी सुमारे ७२ जणांस इजा झाली, तर या गटात ५५ जणांस. मृत्यू किंवा डायलिसिसची गरज मात्र कमी झालेली दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. शेतात घोणस चावली, पावसाळ्यात लेप्टोचा ताप आला, जुलाबांनी अंगातील पाणी गेले, किंवा अशा वेळी अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या, की मूत्रपिंडे संकटात पडू शकतात. ही नवी तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात सहसा मिळणार नाही. परंतु लघवीचे मोजमाप कोणासही करता येते, आणि डॉक्टरांच्या जागतिक नियमांतही त्यास क्रिएटिनीनच्या जोडीने स्थान आहे. ५० किलो वजनाच्या माणसास सहा तासांत १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढीही लघवी झाली नाही, तर ती इजेची खूण समजतात. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याने वेळ व माप कागदावर टिपून ठेवावे, गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवावी, आणि दोन्ही डॉक्टरांच्या हाती द्यावी. घोणस चावली असेल तर मात्र मोजत न बसता थेट इस्पितळ गाठावे.