परदेशातली जोडपदवी : निघण्याआधी

बारावीचा निकाल लागला, की आमच्या नगर जिल्ह्यात ‘किती पडले?’ आणि ‘पुढं काय?’ हे दोन प्रश्न घरोघरी ठरलेले असतात. अलीकडं त्यात तिसऱ्याची भर पडली आहे : ‘बाहेर पाठवायचं का?’ पूर्वी बाहेर म्हणजे पुणं. आता बाहेर म्हणजे मेलबर्न, ब्रिस्बेन, टोरांटो. मुलगा इंजिनिअरिंगला जातोय म्हटलं की घराला समजतं. पण मुलगी म्हणाली, ‘मला ह्युमन सर्व्हिसेस आणि आर्ट्स अशी जोडपदवी करायची आहे,’ की घरात एकदम शांतता पसरते. हा कसला अभ्यास, त्यातून नोकरी कुठली लागणार आणि पगार कोण देणार, हेच कुणाला ठाऊक नसतं.

मी नगरला बरीच वर्षं समाजशास्त्र शिकवलं. त्यामुळं असे प्रश्न घेऊन पालक माझ्याकडं येत राहतात. एका माउलीनं मला सरळ विचारलं, ‘सर, ही तिकडं जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघणार, असंच ना? मग घरात हिची आजी आहे की!’ मी हसलो खरा, पण प्रश्न रास्त होता. आज त्याचंच उत्तर जरा विस्तारानं देतो.

समाजसेवा म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं पदरमोड करून, उन्हातान्हात झिजणारा माणूस येतो. मोबदला घेतला तर ती सेवा कसली, असं आपल्याला वाटतं. पाश्चात्त्य देशांत याच कामाचा एक रीतसर व्यवसाय झाला आहे. आई-वडिलांपासून दूर ठेवावं लागलेलं मूल, अपंग व्यक्तीचं रोजचं जगणं, एकटे पडलेले वृद्ध, घरातली मारहाण, बेघर माणसं, मनाचे आजार, नव्यानं आलेले निर्वासित, या सगळ्यांसाठी तिथं सरकारी खाती आणि संस्था आहेत. त्यांत पगारी, प्रशिक्षित माणसं काम करतात. त्यांचं शिक्षण म्हणजे ‘ह्युमन सर्व्हिसेस’. मुलाखत कशी घ्यायची, ऐकलेलं कसं नोंदवायचं, कायदा कुठं लागू होतो, गुप्तता कुठपर्यंत पाळायची आणि कुठं मोडायची, हे त्यात शिकवतात. आपल्याकडंही अंगणवाडी सेविका, आशाताई, कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक, बालकल्याण समिती अशी ही कामं तुकड्यातुकड्यांनी चालतातच.

मग सोबत आर्ट्स कशाला? आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळी झाली, की पाथर्डी आणि शेजारच्या बीडच्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. कारखान्यावर कोयता जोडीनंच हवा, म्हणून हंगामाआधी कोवळ्या वयाच्या मुलीचं लग्न उरकलं जातं. अशा घरातली पंधरा वर्षांची मुलगी कार्यकर्तीसमोर आली, तर तिच्याशी कसं बोलायचं, बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली कुणाला कळवायचं, तिला सुरक्षित कुठं ठेवायचं, हे ह्युमन सर्व्हिसेसचं शिक्षण सांगेल. पण तिच्या बापानं हे का केलं? उचलीचं चक्र कसं फिरतं? कोरडवाहू जमीन, जात आणि मजुरी यांचं नातं काय? याची उत्तरं समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास यांतून मिळतात. फक्त पहिलं शिकलेला माणूस एकेक मुलगी वाचवत राहील आणि पुढच्या हंगामात दुसरी दारात उभी असेल. फक्त दुसरं शिकलेला सुंदर निबंध लिहील, पण समोर रडणाऱ्या मुलीपुढं गोंधळून जाईल. जोडपदवीमागचा विचार एवढाच आहे.

आता हिशेब पाहू. ऑस्ट्रेलियात वर्षाला साधारण आठ विषय घेतात आणि तीन वर्षांच्या पदवीला चोवीस होतात. दोन पदव्या वेगवेगळ्या केल्या तर अठ्ठेचाळीस विषय आणि सहा वर्षं लागतील. जोडपदवीत एका पदवीचे ऐच्छिक विषय दुसरीच्या विषयांनी भरून काढतात. त्यामुळं बहुतेक ठिकाणी बत्तीस विषयांत, म्हणजे चार वर्षांत, दोन प्रमाणपत्रं हाती येतात. दोन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च वाचतो. मात्र इकडचं-तिकडचं थोडं चाखून पाहायची मोकळीक जाते, कारण ऐच्छिक विषय उरतच नाहीत.

शब्दांच्या गोंधळापासूनही सावध राहायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, मे २०२२ मध्ये भारतीय आणि परदेशी संस्थांनी मिळून चालवायच्या अभ्यासक्रमांचे नियम केले. त्यातली ‘ड्युअल डिग्री’ म्हणजे एकाच विषयक्षेत्रात, एकाच पातळीवर, दोन देशांतल्या दोन संस्थांनी दिलेल्या दोन पदव्या. ‘जॉइंट डिग्री’ म्हणजे दोन्ही संस्थांची मिळून एकच पदवी. ‘ट्विनिंग’मध्ये अभ्यासाचा थोडा भाग परदेशात होतो, पदवी मात्र भारतीय संस्थेची. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच देशात एकाच वेळी दोन पदव्या शिकायची मुभा यूजीसीनं दिली होती. आणि ऑस्ट्रेलियातली जोडपदवी म्हणजे एकाच विद्यापीठाच्या दोन वेगळ्या पदव्या. माहितीपत्रकावर ‘ड्युअल’ छापलेलं दिसलं, की यातलं नेमकं काय, ते लेखी विचारून घ्या.

सर्वांत मोठी मेख पुढंच आहे. ह्युमन सर्व्हिसेसची पदवी मिळाली म्हणजे माणूस तिथं ‘सोशल वर्कर’ झाला, असं नव्हे. ऑस्ट्रेलियात सोशल वर्कच्या पदव्यांना त्या व्यवसायाची संघटना मान्यता देते. ती मान्यता चार वर्षांच्या सोशल वर्क पदवीला किंवा आधीच्या पदवीवर केलेल्या दोन वर्षांच्या मास्टर्सला असते. त्यात किमान एक हजार तासांचं क्षेत्रकार्य करावं लागतं. ह्युमन सर्व्हिसेसवाल्यांना वस्ती पातळीवरची, आधार देणारी कामं मिळतात. ती कामं चांगली आहेत, पण रुग्णालयातली किंवा बालसंरक्षणातली कित्येक पदं सोशल वर्कची पदवी मागतात. मार्गदर्शन केंद्रातला माणूस ‘दोन्ही एकच’ म्हणाला, तर त्याच्याकडून ते कागदावर लिहून घ्या. तो लिहून देणार नाही!

क्षेत्रकार्याचंही गणित मांडून पाहा. आठवड्याला पस्तीस तास धरले, तर हजार तासांना एकोणतीस आठवडे लागतात. सहसा त्याचे पैसे मिळत नाहीत. जुलै २०२५ पासून तिथल्या सरकारनं सोशल वर्कसारख्या काही अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याच्या काळात भत्ता सुरू केला, पण तो परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना नाही. पोलिसांचा दाखला आणि मुलांसोबत काम करण्याची परवानगी आधी काढावी लागते. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच नोकरी करता येते, असा नियम जुलै २०२३ पासून आहे. क्षेत्रकार्याचे तास त्यात धरत नाहीत हे खरं, पण दिवस चोवीस तासांचाच असतो. दिवसा संस्थेत, रात्री हॉटेलात भांडी घासायला, आणि मधल्या वेळात निबंध लिहायचा, अशी कसरत करावी लागते.

पैशांचं बोलू. मे २०२४ पासून ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागू लागले. डॉलर पंचावन्न रुपयांनी धरला, तरी हे सोळा लाखांच्या वर जातं. फी, विमा आणि विमानाचं तिकीट वेगळं. व्हिसाचा अर्ज जुलै २०२५ पासून २,००० डॉलरचा झाला, आणि व्हिसा नाकारला तरी ते पैसे परत येत नाहीत. हे आकडे दरसाल बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात आणि शेतजमीन सहसा तारण म्हणून घेत नाहीत. मग घर गहाण पडतं, नाहीतर सावकाराचं दार दिसतं. इंजिनिअरचा पगार समोर ठेवून काढलेलं कर्ज कार्यकर्तीच्या पगारातून फेडणं अवघड आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

शिष्यवृत्त्यांचं काय? राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. दोन्ही मास्टर्स आणि पीएच.डी.साठी मिळतात. बारावीनंतरच्या पहिल्या पदवीला त्यांचा उपयोग नाही. शिवाय केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. आमच्यासारख्या समाजशास्त्राच्या माणसांना ते फार लागलं.

म्हणून बहुतेक घरांना मी एकच सुचवतो : पहिली पदवी इथं, दुसरी तिथं. नगरमध्ये सीएसआरडीसारखी समाजकार्याची संस्था आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. त्या टाटा संस्थेची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली, ती क्लिफर्ड मॅन्शर्ट या अमेरिकन माणसाच्या पुढाकारानं. तो भारतात आला अमेरिकन मराठी मिशनतर्फे. त्याच मिशननं एकोणिसाव्या शतकात आपल्या नगरमध्ये शाळा काढल्या होत्या. म्हणजे हे शास्त्र आपल्याला तितकंसं परकं नाही. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन इथं बी.ए. करावं, दोन वर्षं एखाद्या संस्थेत काम करावं, आणि मग दोन वर्षांच्या मास्टर्सला जावं. खर्च निम्म्यावर येतो, शिष्यवृत्तीचं दार उघडतं, आणि काय शिकायचं ते नेमकं ठाऊक असतं.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला डॉक्टर झाले. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काम केलं. बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येतात, हे तिथं त्यांच्या ध्यानात आलं. हा प्रश्न मनात घेऊन ते अमेरिकेत गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. १९७० साली परतून दुष्काळी जामखेडला त्यांनी काम उभं केलं. गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात तो आकडा पंचवीसच्या आसपास किंवा त्याखाली आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला परिषदेत बोलून आल्या.

आता याची उलटी बाजू पाहा. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका इथले विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात, आणि शाळेची पायरी न चढलेल्या बायका त्यांना शिकवतात. आपली पोरं तिकडं शिकायला जातात, तिकडची इकडं येतात, आणि दोघांनाही काहीतरी मिळतं. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला माझं सांगणं असतं, की आधी जामखेडला आठवडाभर राहून या. तिकडच्या वर्गात ‘तुमच्याकडं हे काम कसं चालतं?’ असं विचारतील, तेव्हा सांगायला काहीतरी असेल.

शेवटी चार प्रश्न. हा अभ्यासक्रम परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी नोंदवहीत, म्हणजे ‘क्रिकॉस’मध्ये आहे का? ही पदवी घेऊन कोणतं पद मिळतं आणि कोणतं मिळत नाही? क्षेत्रकार्य किती तासांचं आणि त्या काळात खायचं काय? आणि परतल्यावर पदवीला इथं समकक्षता मिळेल का? याचे नियम यूजीसीनं एप्रिल २०२५ मध्ये नव्यानं केले आहेत. या चारही प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली, तर मुलीला खुशाल पाठवा.

आणि त्या माउलीला मी काय सांगितलं? म्हटलं, आजीला तुम्ही सांभाळता, कारण ती तुमची आहे. ज्या आजीला कुणीच नाही, तिला कसं सांभाळायचं, ते शिकायला तुमची लेक निघाली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)