राजेळी केळ्यांचे काप आणि मुंबईचा पंच

उत्तर कोकणातील घरगुती काप आणि ‘पंच’ नावाचे जुने मिश्रपेय ही दोन्ही एकाच किनाऱ्यावर नांदली, तरी त्यांची सांगड घालण्याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. वांगी, सुरण किंवा कच्ची केळी यांच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्यांना मीठ, हळद, तिखट आणि आमसुलाचा कोळ लावून, त्या तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर बेताच्या तेलात खरपूस केल्या की त्यांना काप म्हणतात. पंच म्हणजे मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला यांचे मिश्रण. आजच्या कॉकटेलचा तो पूर्वज मानला जातो.

पंचाचे सर्वांत जुने ज्ञात उल्लेख भारतात आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या लेखनात सापडतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या १६३२ मधील एका पत्रात तो येतो, आणि त्यानंतर काही वर्षांनी सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मँडेल्स्लो मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर अशी त्याची घडण नोंदवतो. मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आले आणि १६९४ च्या मुंबई सरकारच्या एका आदेशात पंचाचे मापच ठरवून दिलेले आढळते: एक क्वार्ट, म्हणजे सुमारे एक लिटर, उत्तम गोवा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट, म्हणजे साधारण पाव लिटर, लिंबाचा रस मागून घ्यावा आणि पंच गिऱ्हाइकाने स्वतः तयार करावा. माडाच्या पोयीतून ठिबकणारा रस आंबला की त्याची माडी होते आणि ती गाळली की अरक मिळतो. माड छेदण्याचे कौशल्य कोकणात भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. १६९४ च्या आदेशातील शेवटची सवलत सर्वांत मोलाची वाटते, कारण आंबट आणि गोड यांचा मेळ पिणाऱ्यानेच बसवायचा असेल, तर तो समोरच्या खाद्यपदार्थाकडे पाहून बसवता येतो.

काप तापलेल्या तव्यावर पडले की त्यांच्या पृष्ठभागातील पाण्याची वाफ जोराने बाहेर पडते आणि तेलाला आत शिरू देत नाही. तेल पुरेसे तापलेले नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो आणि काप तेलकट होतात. नीट तळलेल्या कापातही जिभेवर स्निग्धतेचा थर राहतोच. लिंबाच्या आंबटपणाने लाळ सुटते आणि हा थर पातळ होतो, तर साखर तिखटाची धार उतरवते. मद्याची गोष्ट मात्र उलट आहे. तोंडातील उष्णता ओळखणारे जे संवेदक मिरचीने चेततात तेच मद्यानेही अधिक संवेदनशील होतात, त्यामुळे कडक पेय तिखट कापांचा दाह वाढवते, आणि म्हणूनच या जोडीत पंच भरपूर पाण्याने सौम्य केलेला असणे आवश्यक ठरते.

वांग्याचा गर सच्छिद्र असतो आणि तो तेल शोषतो, तेव्हा त्यासोबत लिंबू किंचित वाढवावे. सुरणाची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे येते. ती मारण्यासाठी आमसूल किंवा चिंच सढळ हाताने लावलेली असते, म्हणून तेथे पेयातील आंबट कमी करावे. सर्वांत उत्तम जोडी मात्र कच्च्या राजेळी केळ्याची. ही वसईची प्रसिद्ध जात असून पिकल्यावर तिची सुकेळी करतात. कच्चेपणी तिच्यातील पिठूळपणा कापांना बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ ठेवतो, आणि त्या सौम्य चवीवर पंचातील जायफळाचा सुगंध खुलतो.

जुन्या मापाच्या हिशेबाने एका पेल्यासाठी अरकाच्या जागी ३० मिलिलिटर माडाची फेणी, दीड चहाचा चमचा लिंबाचा रस आणि तेवढीच साखर पुरते. साखर आधी लिंबाच्या रसात विरघळवून मग फेणी आणि चौपट थंड पाणी घालावे आणि वर जायफळ किसावे. गोव्याबाहेर माडाची फेणी सहज मिळत नाही. तेथे रम चालते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो आणि तीव्र मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, हेही ध्यानात असावे.

मद्याविनाही ही जोडी जमते. उत्तर कोकणातल्याच गणेशपुरीत भाविक नित्यानंद स्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी आणि उष्ण पाण्याच्या कुंडांसाठी येतात, तेथे मद्याला स्थान नाही आणि नसावे. तेथील घरांत फेणीच्या जागी आल्याचा रस आणि पाण्याच्या जागी कोकमाचे पातळ पाणी घेतले, साखर व जायफळ तसेच ठेवले, तर स्निग्धतेला आवर घालणारे आंबट आणि तिखट शमवणारे गोड ही दोन्ही कामे तितकीच चांगली होतात. फक्त आले स्वतः झणझणीत असल्याने कापांवरील तिखट अर्धे करावे लागते.