कडा नेमकी कापायची तर...

जुन्या फोटोची पार्श्वभूमी बदलताना खांद्याची रेघ किंचित जरी चुकली, तरी घरच्यांना आपलं माणूस वेगळंच दिसतं. म्हणून अशा कामाला मी फोटोशॉपमधलं पेन टूल वापरतो. माऊसने सलग रेघ ओढताना हात हलतो. पेनमध्ये मात्र वळण बदलतं तिथेच बिंदू द्यायचा आणि त्याची दांडी ओढून रेषेला बाक आणायचा. बिंदू जितके कमी, तितकी कडा सुबक. चुकला तर सरकवताही येतो. रेनो मोटार कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांचं नाव या वक्ररेषेला मिळालं आहे. रेषा कडेच्या जराशी आतून न्यावी, बंद करावी, मगच तिचं सिलेक्शन करावं. भुरभुरत्या केसांना मात्र पेन नको. तिथे मास्क आणि बारीक ब्रशच बरा.