अपघातानंतर वकिलाचा सल्ला केव्हा घ्यावा?

दोन मोटारी एकमेकींना घासल्या, दिवा फुटला, दरवाजाला पोचा पडला आणि कोणालाही इजा झाली नाही, तर वकिलाकडे धाव घेण्याचे कारण नसते. विमा कंपनीस तत्काळ कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत वाहन दुरुस्तीस देऊ नये, एवढे पुरेसे असते. दावा अकारण नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने दाद न दिल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

देहाला गंभीर इजा झाली किंवा कोणी दगावले, तर मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटते. गाडीच्या पत्र्याचा हिशेब मागे पडतो आणि एका कुटुंबाच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या उदरनिर्वाहाचा हिशेब मांडला जाऊ लागतो. घरात दुःख ताजे असताना कागद वाचण्याची कोणाचीच मनःस्थिती नसते आणि नेमके तेव्हाच सह्यांसाठी कागद समोर येतात.

पहिली चिंता अर्थातच उपचारांची. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. रुग्णालयाची कागदपत्रे, औषधांच्या पावत्या व प्रथम माहिती अहवालाची प्रत पहिल्या दिवसापासून एकाच ठिकाणी जपून ठेवावी.

पुढचा भाग पुष्कळांना ठाऊक नसतो. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत, तर सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो आणि त्या अहवालासच दाव्याचा अर्ज मानता येते. म्हणजे कागदोपत्री पाहता कुटुंबाने काही न करताही प्रकरण उभे राहू शकते. मग वकील कशासाठी? अपघात कसा झाला हे अहवाल सांगतो. त्या अपघाताने घरातून काय गेले, हे सांगणारा पुरावा कुटुंबालाच द्यावा लागतो.

विमा कंपनीचा नियुक्त अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव देतो, तो क्षण सर्वांत महत्त्वाचा. प्रस्ताव मान्य झाला की न्यायाधिकरण त्याची संमतीने नोंद करते आणि विषय मिटतो. प्रस्ताव देण्यात गैर काहीच नाही. उलट रास्त प्रस्तावाने वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात. परंतु तो रास्त आहे की नाही, हे कसे ठरवावे?

एक कल्पित उदाहरण घेऊ. कायम नोकरीत असलेले, दरमहा ३०,००० रुपये मिळवणारे ३४ वर्षांचे गृहस्थ अपघातात मृत्युमुखी पडले. मागे पत्नी, दोन मुले व आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निवाड्यांत ठरवून दिलेल्या पद्धतीप्रमाणे, चाळिशीच्या आतील कायम नोकरदाराच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ५० टक्के मिळवावयाचे असतात. म्हणजे ४५,००० रुपये. अवलंबून असणारे चौघे असल्याने मृताच्या वैयक्तिक खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो व ३३,७५० रुपये उरतात. वर्षाचे ४,०५,००० रुपये झाले. या वयाचा गुणक १६, म्हणून रक्कम ६४,८०,००० रुपये. अंत्यविधी वगैरे शीर्षकांखालील रकमा निराळ्या. आता यातून भावी वाढीचा भाग गाळला, तर हाच आकडा ४३,२०,००० वर येतो. एका ओळीने २१,६०,००० रुपयांचा फरक पडला, आणि ती ओळ प्रस्तावात आहे की नाही हे जाणकारालाच चटकन दिसते. मृत व्यक्ती स्वतःचा व्यवसाय करणारी असेल, तर याच वयात वाढ ४० टक्के धरली जाते. परंतु मुळात उत्पन्न सिद्ध करावे लागते. तेथे प्राप्तिकर विवरणपत्रे आणि बँकेचे खातेउतारे उपयोगी पडतात.

प्रस्तावाचे आणखी एक रूप अधिक जपून पाहण्यासारखे आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. अडचणीच्या काळी ही रक्कम मोठी वाटते. मात्र या कलमाखालील भरपाई तडजोडीने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मूळ दावा संपुष्टात येतो. वरील उदाहरणातील पत्नीने घाईत या कागदावर सही केली असती तर काय झाले असते, हे वेगळे सांगावयास नको. अशी सही करण्यापूर्वी वकिलाचे मत घ्यावेच.

कायमचे अपंगत्व आले असल्यासही सल्ला टाळू नये. वैद्यकीय दाखल्यावरील टक्केवारी म्हणजे कमाईतील घट नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार खटल्यात २०११ साली स्पष्ट केले आहे. डावा हात गमावलेल्या सुताराची वा चालकाची कमाई जवळपास पूर्ण बुडते. कार्यालयातील लिपिकाची तशी बुडेलच असे नाही. हा भेद पुराव्याने मांडावा लागतो. त्याचप्रमाणे पोलिसांनी मृतासच दोषी ठरवले असेल, समोरच्या वाहनाचा विमा नसेल किंवा चालकाकडे परवाना नसेल, तर विलंब न करता वकील गाठावा. वाहन पळून गेले व त्याचा शोध लागलाच नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर इजेबद्दल पन्नास हजार रुपये शासकीय योजनेतून मिळतात. त्या अर्जासाठी सहसा वकील लागत नाही.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, असे कायदा सांगतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरीही सहा महिने हीच मर्यादा समजून चालणे शहाणपणाचे. दावा अपघातस्थळीच करावा लागतो, हाही एक समज. इंदूरला राहणाऱ्या कुटुंबाचा अपघात कर्नाटकात झाला, तरी ते इंदूरच्या न्यायाधिकरणात दाद मागू शकते.

रुग्णालयाच्या आवारातच वकीलपत्र पुढे करणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. भरपाईत टक्केवारीचा वाटा ठरवून घेण्यास वकील परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. शुल्क आधी लेखी ठरवून घ्यावे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अपंग यांना उत्पन्नाचा विचार न करता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. लोकअदालतीत तडजोड करावयाची असेल, तर तिच्या निवाड्यावर अपील होत नाही हे ध्यानी ठेवून करावी.

आता बँकेशी संबंधित दोन गोष्टी. खात्यातून दरवर्षी २० रुपये वजा होत असतील, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची वर्गणी असण्याचा संभव आहे. अपघाती मृत्यूबद्दल तिचे दोन लाख रुपये मिळतात. खातेउताऱ्यातील ही बारीक नोंद वारसांच्या नजरेतून हमखास निसटते. शाखेत चौकशी करून दावा ३० दिवसांत द्यावा. आयुर्विम्याची रक्कम मिळाली म्हणून न्यायाधिकरणाची भरपाई कमी होत नाही, हे १९९८ पासून ठरलेले आहे.

दुसरी गोष्ट भरपाई हाती येण्याची. रक्कम थेट दावेदाराच्या खात्यात जमा करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निर्देश दिले आहेत, म्हणून खात्याचा तपशील सुरुवातीसच द्यावा. न्यायाधिकरण बहुधा काही भाग मुदत ठेवीत ठेवावयास सांगते. अज्ञान मुलांच्या हिश्शाबाबत तर हे नेहमीचेच. याखेरीज मोटार अपघात दावा वार्षिकी ठेव या नावाची योजना आहे. तीत मुद्दल व व्याज मिळून दरमहा ठरावीक रक्कम खात्यात येते. तिच्यावर कर्ज मिळत नाही आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून ती मोडता येत नाही. नातेवाइकांनी उसने मागितले, तरी शाखा व्यवस्थापकालाही ती मोडून देता येत नाही.